सिंह दिसला म्हणून पिस्तूल अस्सल होत नाही

गेले काही दिवस घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वर लाकडी दस्त्याच्या, त्या दस्त्याच्या टोकाला पितळी टोपण असलेल्या पिस्तुलाचा फोटो आणि खाली मजकूर. सारांश असा: वाड्याच्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात असं पिस्तूल मिळालं, त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह आणि साल असेल, चुंबक चिकटत असेल, हाताला जड लागत असेल आणि गंज जुना दिसत असेल, तर ते अस्सल आणि लाखमोलाचं समजा. शिवाय अँटिक असल्यामुळे परवानाही लागत नाही.

मला हा मेसेज चौघांनी पाठवला. त्यातल्या आतेभावानं सोबत आपल्या दिवाणखान्यातल्या पिस्तुलाचा फोटोही जोडला, राजस्थानच्या सहलीत घेतलेल्या. लॉकच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर सिंह आहे, साल आहे, 'लंडन'ही आहे. फक्त त्यातला एक 'एन' उलटा कोरलाय. दादाला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेलच.

आधी सिंह आणि साल, कारण सगळा भरवसा त्यावरच आहे. कंपनीच्या शस्त्रांवर सिंह असतो हे खरंच. दोन पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला. पण ही छाप १८०८ च्या सुमारास आली. त्याआधी कंपनीची खूण वेगळी होती: हृदयाचा आकार, त्याचे चार भाग, त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि डोक्यावर चारच्या आकड्यासारखं चिन्ह. कंपनीच्या नावातल्या 'युनायटेड'मधल्या यू ऐवजी जुन्या लिपीच्या वळणानं व्ही. तेव्हा १७८० साल आणि शेजारी उभा सिंह दिसला, तर तो सिंह जन्माआधीच नोकरीला लागलाय. हृदयाखाली १८२५ असेल तरी तोच घोटाळा.

'टॉवर' (म्हणजे टॉवर ऑफ लंडन) आणि राजमुकुट कोरलेली पिस्तुलं कंपनीची नव्हेत, ती ब्रिटिश सरकारी सैन्याची. त्या लॉकांवर कारागिराचं नाव आणि साल घालण्याची पद्धत १७६४ मध्ये बंद झाली. साल परत दिसू लागलं ते पुढे, स्फोटक भरलेल्या धातूच्या छोट्या टोपीवर घोडा आपटून उडणाऱ्या बंदुका आल्यावर. म्हणजे चकमकीच्या, गारगोटीच्या ठिणगीनं उडणाऱ्या जुन्या पिस्तुलावर 'टॉवर १७९०' असं ठसठशीत दिसलं, तर विक्रेत्याला चहा पाजा आणि उठा. नकली माल करणाऱ्याला साल आवडतं, कारण गिऱ्हाईक तेच आधी वाचतं.

आणि छाप खरी निघाली तरी पिस्तूल खरं ठरतंच असं नाही. कंपनीची अस्सल लॉकं सरहद्दीपलीकडे अफगाणी जेझाइलांवर, म्हणजे लांब नळीच्या बंदुकांवर बसली. पेशावरजवळच्या दर्रा आदम खेलमध्ये तर इंग्रजी शस्त्रांच्या नकला करणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तिथला कारागीर कसबी, पण इंग्रजी अक्षर त्याच्यासाठी नक्षी. उलटे एन तिथूनही येतात.

लॉकपेक्षा मी नळीवरच्या ठशांना जास्त मानतो. इंग्लंडमध्ये नळीत जास्तीची दारू भरून ती उडवून पाहत, टिकली की ठसा मारत. लंडनच्या गनमेकर्स कंपनीचे ठसे मुकुटाखाली जीपी आणि मुकुटाखाली व्ही असे असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस संसदेच्या कायद्यानं १८१३ मध्ये सुरू झालं, त्यामुळे त्याचा एकमेकांना छेदणाऱ्या राजदंडांचा ठसा आणि लॉकवर १७९५ ही जोडी जुळत नाही. नकलेवर बहुतेकदा हे ठसे नसतातच, कारण गिऱ्हाईक ते शोधत नाही.

चुंबकाचं उत्तर लहान आहे. परदेशी शोभेची पिस्तुलं पुष्कळदा झमाक नावाच्या जस्ताच्या मिश्रधातूत ओततात, त्याला चुंबक चिकटत नाही. एवढीच त्या परीक्षेची धाव. आपल्याकडच्या नकला सरळ लोखंडाच्या असतात, चुंबक त्यांना मिठीच मारतं. उलट जुन्या ब्लंडरबसांच्या, म्हणजे रुंद तोंडाच्या आखूड बंदुकांच्या, कित्येक नळ्या पितळेच्या, खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून केलेल्या. मेसेजच्या हिशेबानं त्या नकली ठरल्या!

वजनाचं तर उलटंच आहे. अस्सल नळी मागे, जिथे दारूचा भडका होतो तिथे जाड आणि तोंडाकडे निमुळती, पातळ होत जाते. हे घोडेस्वारानं एका हातानं पेलायचं हत्यार. नकलेची नळी म्हणजे जाड पाइप किंवा दोन-तीन इंचांपुढे बंद असलेला दांडा. ती जड लागणारच. मोबाइलचा टॉर्च तोंडाशी धरून आत बघा, भोक कुठवर जातं ते.

गंज तर आठवड्याभरात आणता येतो. आम्लानं आणलेल्या गंजाची खोड अशी की तो सगळीकडे सारखा बसतो, हात कधी लागत नाही अशा खाचेतसुद्धा. वापरातल्या पिस्तुलाचा गंज पक्षपाती असतो. काळ्या दारूची राख ओल धरते, म्हणून रंजकाची, म्हणजे पेट देणाऱ्या दारूची, वाटी आणि नळीचा कान यांच्या भोवतालचं लोखंड देवीचे व्रण असल्यासारखं खडबडीत होतं, तर दस्त्याचा मुठीतला भाग गुळगुळीत झालेला असतो. कान म्हणजे रंजकाची आग आत जाण्याचं छिद्र. तोफेच्या कानात खिळे ठोकतात तोच हा कान. दादाच्या पिस्तुलाला कानच नाही. वाटीच्या वर नळीला टिकलीएवढा खळगा आहे, आरपार काही नाही. ते उडणार कुठून?

खरी झडती आतल्या बाजूला घ्यायची. लॉक सहसा दोन लांब स्क्रूंनी बसवलेलं असतं, जाणत्या माणसाकडून ते उतरवून घ्या. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर तो स्क्रू गेल्या शतकातला, आणि सगळेच तसे असतील तर पिस्तूलही. जुन्या स्क्रूची खाच अरुंद, पुष्कळदा जराशी तिरकी. लॉकच्या पाठीवर कानशीचे ओरखडे दिसतात आणि सुट्या भागांवर खाचा मारलेल्या सापडतात, एकावर तीन तर दुसऱ्यावरही तीन. कारखान्यात दहा लॉकं एकदम सुटी पडली की कुठला तुकडा कुणाचा, हे ओळखायची ती सोय. एका पिस्तुलाच्या स्प्रिंगवर, घोड्याच्या आसावर आणि पट्टीच्या आत तशा तीन-तीन खाचा पाहिल्या तेव्हा बाहेरची पुसट छाप वाचायची गरजच उरली नाही. नकलेच्या आत ओतकामाची शिवण, बुडबुड्यांची भोकं आणि लाकडातली फट बुजवणारी काळी पुट्टी असते.

राहिला परवाना, आणि इथे मेसेज माणसाला अडचणीत आणू शकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे खरी. पण ते हत्यार दुरुस्तीशिवाय किंवा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं, ही अटही त्याच वाक्यात आहे. म्हणजे पिस्तूल जितकं अस्सल आणि धड, तितकी सूट दूर. खरंखुरं निघालं तर आधी पोलिस ठाण्यात विचारा. आणि अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा बेत असेल तर तो सोडा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपलीकडची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

माळ्यावर पिस्तूल सापडलंच, तर घासूनपुसून फोटो काढण्याआधी एक करा. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची हत्यारं भरलेली तशीच ठेवून दिलेली सापडतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. तोंड भिंतीकडे, चेहरा बाजूला. लाकडाची बारीक काडी नळीत अलगद सोडा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काडी नळीला बाहेरून लावून बघा. काडी कानापर्यंत पोचत नसेल, दोन बोटं अलीकडेच थांबत असेल, तर आत काहीतरी आहे. हात काढा, पोरांना खोलीबाहेर न्या आणि पोलिसांना फोन करा.