पडू दे की, तुझं काय जातंय?

पावसाला तोंडावर शिवी देणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच पुरुष. तीही जुलै महिन्यात, लातुरात, खिडक्या उघड्या असताना.

घराणं औसा तालुक्यातलं, कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर. आमच्याकडे पाऊस 'पडत' नाही, 'येतो'. जावई यावा तसा, आणि बोलणंही तसंच जपून. फारच झाला तर 'औंदा लई झाला' एवढीच तक्रार, तीही हळू आवाजात. ऐकलं आणि रुसला तर काय घ्या. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हेच शहर. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. आमचं पोरगं तेव्हा लहान होतं. सगळ्यांकडे पाणी रेल्वेनंच येतं असा त्याचा समज झाला आणि पुण्याच्या मावशीला त्यानं फोनवर विचारलं, "तुमची गाडी किती वाजता येते?"

तेच पोरगं यंदा दहावीला चौऱ्याण्णव टक्के घेऊन आलं. बोलून चुकलो होतो, त्यामुळे साडूनं दुबईहून येताना निन्टेंडोचं स्विच नावाचं यंत्र आणलं. एका खोबणीत बसवून टीव्हीला जोडायचं आणि खेळायचं. जेमतेम आठवडाभर खेळला असेल, तेवढ्यात अकरावी उभी राहिली. लातुरात अकरावी ही इयत्ता नसून ग्रहदशा आहे. सकाळी सहाला शिकवणी, दर रविवारी परीक्षा. बायकोनं यंत्र जप्त केलं आणि पोराचा हात जाणार नाही अशा ठिकाणी, गव्हाच्या कोठीत, पुरून टाकलं.

आमच्या घरी दळण आणायचं काम माझ्याकडे आहे.

पहिल्या रात्री एक अपघात झाला. दोन्ही हातांत वायरी होत्या म्हणून खेळाचं ते नखाएवढं कार्ड मी दातात धरलं, आणि गुढीपाडव्याचा कडुलिंब एकदम सात वर्षांचा तोंडात यावा तसं झालं. आधी वाटलं, कोठीतल्या निंबाच्या पाल्याचा गुण असेल. मग कळलं की लहान मुलांनी गिळू नये म्हणून कंपनीच त्या कार्डाला कडू लेप लावते. मोठ्या माणसांचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

खेळाचं नाव 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड', 2017 सालचा. 'लेजंड ऑफ झेल्डा' या मालिकेतला. झेल्डा ही राजकन्या. आपण जो खेळतो त्याचं नाव लिंक. तो शंभर वर्षं झोपून उठलेला आहे. शंभर वर्षं झोपला तरी कुणी कारणे दाखवा नोटीस दिलेली नाही, हे बघून मला आमच्या कार्यालयाची आठवण झाली. तो बोलत नाही. लोक बोलतात, तो मान हलवतो. तिथल्या चलनाला चक्क रुपी म्हणतात आणि घोडा नावावर करायला वीस रुपी पडतात, पावतीशिवाय. सुरुवातीला एक म्हातारा भेटतो. उंचावरून तरंगत उतरायचं एक कापड त्याच्याजवळ असतं. देतो म्हणतो, पण आधी एका देवळातली खूण आण. ती आणली की म्हणतो, अजून तीन देवळं राहिली. मी सातबारा काढायला गेलेलो माणूस आहे, मला यात नवीन काहीच वाटलं नाही.

खेळ मोकळ्या जगाचा, म्हणजे दिसेल तिकडे जायचं. समोरचा डोंगर नुसता पडद्यावरचा डोंगर नाही, चढता येतो. लिंक पालीसारखा कड्याला चिकटतो. शेजारी दमाचं एक हिरवं वर्तुळ असतं, ते चढता चढता रिकामं होत जातं आणि संपलं की खाली. दम टिकेल एवढंच चढायचं, कुठं कपार सापडली की टेकायचं, पुन्हा चढायचं. हे मला जमायला लागलं होतं.

आणि पाऊस यायचा.

पावसात खडक निसरडा होतो. चार हात वर गेलं की सर्रकन घसरायचं, दम तेवढाच खर्च. उडी मारून बघा, दम दुप्पट जातो आणि घसरणं काही चुकत नाही. शेकोटी पेटवून वेळ काढावा म्हटलं तर ती विझते. तिथला एक दिवस आपल्या 24 मिनिटांचा, म्हणजे पाऊस फार तर चारपाच मिनिटं असतो म्हणा. पण रात्री साडेअकराला, शिखर दोन हातांवर असताना, सकाळी कार्यालय आणि मध्ये दळणाचा बहाणा असताना, ती पाच मिनिटं काय असतात ते ज्याचं त्याला ठाऊक. मी दातओठ खाऊन गप्प बसायचो. संस्कार.

अशात आण्णा आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. पेरणी उरकली होती. नंतर पावसानं बावीस दिवसांचा खंड दिला होता, आणि गावाकडे बसून सोयाबीन करपताना बघण्यापेक्षा डोळा तरी करून घ्यावा, असा त्यांचा हिशेब. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. रात्री झोप नाही. तिसऱ्या रात्री मी अंधारात कोठीतनं यंत्र काढतोय तर मागनं आवाज आला, "काय करायलास रे?"

मग ते रोज सोफ्यावर येऊन बसायला लागले. एका डोळ्यानं बघायचे पण बघायचे नीट. लिंकच्या तलवारी पाचपंचवीस घाव घातले की मोडतात. "कुठल्या लोहाराकडनं घेतली? पाणी दिलेलं नाही नीट." लिंक कुणाच्याही घरात शिरतो, टोपलीतली सफरचंदं उचलतो, घरमालक नमस्कार करतो. "ह्याला घरी कुणी काही शिकवलं नाही." बर्फाच्या डोंगरावर थंडी वाजू नये म्हणून लाल मिरच्या शिजवून खायच्या असतात, ते मात्र त्यांना एकदम पटलं. "मीठ घालून ठेचा करून घे म्हणावं, डब्यात राहतोय." वादळात लिंकच्या पाठीवरची लोखंडी तलवार ठिणग्या टाकायला लागली. मी बघत बसलो, वीज पडली, लिंक मेला. आण्णा चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले. "वीज चमकताना विळा हातात धरू नको, हे मी तुला कितीदा सांगितलंय?" चाळीस वर्षं सांगितलंय, खरंय.

सगळ्यात नवल त्यांना वाटलं कोपऱ्यातल्या हवामानाच्या चिन्हांचं. पुढच्या काही तासांत काय होणार ते तिथं दाखवतात, आणि तसंच होतं. पावसाचं चिन्ह आलं की पाऊस हजर. आण्णांनी चारपाच वेळा ताडून बघितलं. "ह्यांचा अंदाज खरा निघायलाय की रे," ते म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग मी पोचलो त्या माशांच्या मुलखात. झोरा म्हणून एक जमात आहे, अर्धी माणसं, अर्धे मासे. तिथं पाऊस थांबतच नाही. एक अजस्र यांत्रिक हत्ती धरणात उभा राहून सोंडेनं पाणी उडवतोय आणि मुलूखभर संततधार लागली आहे. धरण भरत आलंय, फुटायची भीती आहे. झोऱ्यांचा राजपुत्र हात जोडून विनवतो, वीरा, ये आणि हा पाऊस थांबव.

"काय म्हणतोय?" आण्णांनी विचारलं.

"पाऊस बंद करा म्हणतोय."

"कामून?"

"धरण भरायलंय म्हणून."

आण्णा सरसावून बसले. कोरड्या पडलेल्या मांजरा धरणाच्या तळातली काळी ढेकळं बघितलेला माणूस तो. "भरायलंय तर भरू दे की! येडा आहे का ह्यो?" मग हत्तीकडे निरखून म्हणाले, "आन पुष्य नक्षत्र चालू असताना हत्ती कसा बरसायलाय? हत्तीचा पाऊस म्हणजे हस्ताचा, दसऱ्याच्या आसपास. आत्ताच सगळा पडून गेला तर ज्वारी कशावर पेरणार?" राजपुत्राकडे याचं उत्तर नव्हतं.

मी त्या मुलखाच्या वाटेवरचा एक कडा चढत होतो. तीन रात्री चढत होतो. चार हात वर, सर्रकन खाली. त्या रात्री कड्याची कडा अगदी बोटाला लागली आणि लिंक सुटला. नुसता घसरला नाही, थेट नदीत. चाळीस वर्षांचे संस्कार त्याच्या मागोमाग गेले. मी ओरडलो, "ह्याच्या मायला ह्या पावसाच्या! आत्ताच कामून आलास मरायला!"

शांतता. मग खालच्या मजल्यावर कडी वाजली. खालच्या काकांची रेणापूरकडे सहा एकर सोयाबीन आहे. ते बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून, अंगणात जाऊन आभाळाकडे बघून आले आणि जिना चढून दारात उभे राहिले. "पडायलाय? कुठं? आमच्याकडं तर चांदण्या दिसायल्यात."

तोवर बायको उठली होती. पाठोपाठ आतल्या खोलीतून चिरंजीव आले, हातात जीवशास्त्राची नोट्स. पडद्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "पप्पा, तिथं चढायचं नसतंय. पावसात चढताच येत नाही. खालनं नदीच्या कडंनं रस्ता आहे."

तीन रात्री.

"आन ते वीजबाण उधळू नका, पुढं वीस लागतात," तो पुढे म्हणाला. "दोन महिने झाले बघायलोय, मशीनवर तुमचं नाव येतंय आणि..." इथं तो थांबला.

यंत्र दोन महिने गव्हाच्या कोठीत होतं. बायकोनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग स्वयंपाकघराकडे. पिठाचे डबे भरून उरलेलं पीठ पातेल्यांत होतं, पातेल्यांतून उरलेलं जुन्या कुकरात. आठवड्यातून दोनदा दळण का होतंय, आणि परवा पोरगं स्वतःहून "मी जातो गिरणीत" का म्हणालं, हे तिला त्या क्षणी एकदमच कळलं. ती टीव्हीकडे निघाली.

"राहू दे, सूनबाई," आण्णा म्हणाले.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थांबली. सासऱ्यापुढे ती बोलत नाही. मला ते नंतर, सविस्तर, स्वतंत्रपणे ऐकायला मिळालं.

मी लिंकला उचलून एका छपराखाली न्यायला लागलो. "कुठं न्यायलास त्याला?" आण्णा म्हणाले.

"भिजायलाय ना."

"पडू दे की, तुझं काय जातंय?"

खालचे काका सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला. लिंक दगडी वाटेवर उभा, केस गालाला चिकटलेले, मागे नदी वाहतेय, वर हत्ती कुठंतरी बरसतोय. दोघं म्हातारे पाऊण तास काहीही न बोलता बघत होते. मध्ये एकदा काकांनी आवाज थोडा वाढवायला सांगितला. साडेबाराला ते टॉवेल झटकून गेले. आण्णा तिथंच, पट्टीचा डोळा वर करून, बावीस दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपले. घोरण्याचा आणि पावसाचा आवाज बराच वेळ एकत्र येत होता.

सकाळी मी चहा घेऊन गेलो. टीव्ही आपोआप बंद झाला होता. आण्णांनी उशीवरूनच विचारलं, "रात्री किती झाला?"

"मोजायची सोय नाही तिथं, आण्णा."

"पासष्ट मिलिमीटरच्या वर गेला असणार," ते म्हणाले. "त्या मासेवाल्यांना म्हणावं अतिवृष्टी धरून पंचनामा करून घ्या. आन विमा काढला असंल तर लगेच कळवा, मागनं कुणी विचारीत नाही."