सर, यादी चुकली. पण ‘साधनं नकोत’ हे पटत नाही

सर, नमस्कार.

‘मराठी ब्लॉगरसाठी उपयोगी पंचवीस वेबसाधनं’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नाही, म्हणून स्वतंत्र लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. यादीतली चार साधनं बंद पडली आहेत. उरलेली बहुतेक इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या सोयीची आहेत. आणि लिहिणाऱ्याने वाचावं, लिहावं, खोडावं. साधनांच्या मागे लागू नये. ‘चाळीस वर्षं फळ्यावर खडूने लिहिलं, मुलांपर्यंत पोचलं. चांगल्या लेखाला साधन लागत नाही,’ असं तुम्ही शेवटी म्हटलंय, आणि खाली सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉवरच्या, म्हणजे लष्करी कायद्यावरच्या, तुमच्या लेखाचा दुवा दिलाय.

पहिला मुद्दा मान्य, अगदी पूर्ण. तो लेख मी २०१८ मध्ये लिहिला आणि नंतर त्याकडे वळून पाहिलं नाही. लांबलचक दुवे छोटे करून देणारी गूगलची सेवा मार्च २०१९ मध्ये नवे दुवे घ्यायची थांबली. गूगल प्लस हे गूगलचं समाजमाध्यम त्याच्या पुढच्याच महिन्यात बंद झालं. नवा लेख वाचकांच्या ईमेलवर पाठवणारी फीडबर्नरची सोय जुलै २०२१ मध्ये गेली. वाचकसंख्या मोजणारं गूगलचं जुनं ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नवी नोंद करत नाही. चारही ठिकाणी मी ‘जरूर वापरा’ असं लिहून ठेवलं होतं. माझ्यावर विसंबून कुणी आपल्या वाचकांचे पत्ते त्यातल्या एखाद्या ठिकाणी गोळा केले असतील तर त्यांचं नुकसान झालं, आणि त्याची जबाबदारी माझी आहे. लेखाच्या डोक्यावर आजच तशी सूचना लावली आहे.

पण ही चार बंद दारं पाहून तुम्ही ‘साधनं नकोतच’ असा निष्कर्ष काढलात. मी वेगळ्या निष्कर्षावर आले. तो सांगायला मला आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

माझे वडील सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका कारखान्यात जेकार्डच्या मागावर होते. तुम्ही पूर्व भागातल्या शाळेत शिकवलंय, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागात नसते. ती जाड पुठ्ठ्याच्या, भोकं पाडलेल्या पट्ट्यांमध्ये असते. आडव्या धाग्याच्या एकेका फेरीला एकेक पट्टी. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. अशा शेकडो पट्ट्या दोरीने ओवून एक नक्षी तयार होते. माग जुना झाला, नवा आला, तरी पट्ट्यांची माळ नव्या मागावर चढवली की तोच मोर परत उमटतो. वडिलांचा कारखाना बंद झाला तेव्हा माग भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर पट्ट्याही रद्दीच्या भावाने गेल्या. वडील मागांबद्दल फार बोलले नाहीत. पट्ट्यांबद्दल मात्र अजून बोलतात.

सर, ब्लॉगरसाठी साधन म्हणजे माग. फुकट मिळालेला, दुसऱ्याच्या मालकीचा माग. तो कधी बंद होईल ते आपल्या हातात नाही. पट्ट्या मात्र आपल्याकडे हव्यात. म्हणून आता कुठलंही साधन सुचवण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: यात घातलेला माझा मजकूर मला जसाच्या तसा परत बाहेर काढता येतो का? २०१८ मध्ये मी हा प्रश्न विचारला नव्हता. ‘दिसायला छान’ आणि ‘फुकट’ एवढंच पाहिलं होतं.

त्याची किंमत मीही मोजली आहे. गड्ड्याच्या यात्रेचे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे माझे अकरा लेख आहेत. त्यातले फोटो मी एका फोटो साठवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवले होते आणि लेखात फक्त त्यांचे दुवे दिले होते. त्या सेवेने एके दिवशी नियम बदलले. आज त्या लेखांत फोटोंच्या जागी करडे चौकोन दिसतात. मूळ फोटो ज्या फोनमध्ये होते तो फोन कधीच गेला.

ब्लॉगर या गूगलच्या सेवेवर लिहिणाऱ्यांना म्हणून सांगते. सेटिंगमध्ये ‘बॅक अप कंटेंट’ असा पर्याय आहे. त्यातून सगळे लेख आणि प्रतिक्रिया फाइलमध्ये उतरवता येतात. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसेवेत हेच काम ‘टूल्स’खालच्या ‘एक्स्पोर्ट’ने होतं. पण त्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. फोटो वेगळे उतरवून घ्यावे लागतात. मी दर महिन्याच्या एक तारखेला, भाडं आणि दुधाचा हिशेब करते तेव्हाच, दोन्ही उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवते. आणि महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला की त्याचं पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करते. तिथे पत्ता चिकटवून ‘सेव्ह पेज’ म्हणायचं, एवढंच. ही संस्था १९९६ पासून जगभरची पानं साठवते आहे. उद्या माझा ब्लॉग गेला तरी ते पान तिथे सापडण्याची आशा राहते.

आता तुमच्या लेखाकडे येते, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

तुम्ही दिलेला दुवा मी उघडला. नऊ पानांची पीडीएफ. पूर्ण वाचली. शेवटच्या पानावर तुमच्या आजीने सांगितलेली आठवण आहे: मे महिन्याच्या उकाड्यात दारं लावून, दिवा न लावता घरातली माणसं बसून राहिली होती, आणि रस्त्यावरच्या बुटांचा आवाज मोजत होती. हे मी आजवर कुठे वाचलेलं नाही. मग त्यातली एक ओळ निवडून मी दुसरीकडे चिकटवली. तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांचा ढिगारा उमटला. त्याच फाइलमध्ये ‘सोलापूर’ हा शब्द शोधून पाहिला. एकदाही सापडला नाही.

असं होण्याचं कारण जुना फॉन्ट. डीटीपीच्या दुकानात लेख बसवताना जे जुने देवनागरी फॉन्ट वापरतात, त्यांच्यात संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असतं. फक्त त्याचा चेहरा देवनागरी काढलेला असतो. आपल्या डोळ्याला ‘सोलापूर’ दिसतं, संगणकाला भलतंच काहीतरी. युनिकोडमध्ये, म्हणजे १९९१ पासूनच्या जागतिक प्रमाणात, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते शोधता येतं, एका फोनवरून दुसऱ्यावर तसंच जातं आणि दृष्टिहीन वाचकाला फोन वाचूनही दाखवतो.

फळ्यावर लिहिलेलं तुमच्या मुलांपर्यंत पोचलं, कारण मुलं समोर बसली होती. इथे वाचक समोर नाही, तो शोधत येतो. गूगलचं सर्च कन्सोल नावाचं एक फुकट साधन आहे. लोक कुठले शब्द शोधून आपल्या पानापर्यंत आले हे ते दाखवतं. सोळा महिन्यांची नोंद राहते, म्हणून यंदाचा जानेवारी मागच्या जानेवारीशी ताडून पाहता येतो. दोन्ही वर्षी १२ जानेवारीच्या आसपास काही लोक ‘सोलापूरचे चार हुतात्मे’ शोधत माझ्या ब्लॉगवर आले. १९३० च्या त्याच प्रकरणात, १९३१ मध्ये त्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली गेली. माझ्याकडे त्यांच्याबद्दल आहे फक्त एक ओळ: भेळ खाऊन आम्ही चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबलो. ती माणसं एवढं वाचून परत गेली. त्यांना तुमची नऊ पानं हवी होती, सर. ती होती, फक्त त्यांना दिसत नव्हती. चांगल्या लेखाला साधन लागत नाही, हे मला यामुळे पटत नाही.

इंग्रजीच्या सोयीची साधनं, हा तुमचा आक्षेप बराचसा खरा आहे. शीर्षक आकर्षक आहे का हे मोजणारी, वाक्य सोपं आहे का ते सांगणारी साधनं मराठीला काडीच्या उपयोगाची नाहीत; ती मी यादीतून काढली. पण मराठीत लिहिणाऱ्याच्या अडचणीच वेगळ्या असतात, आणि त्यांच्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, हा दोष तुम्ही दाखवला त्याहून मोठा आहे.

उदाहरणार्थ, ‘विणकऱ्यांची’ या शब्दातला ऱ्या. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द, आणि शोधताना कधी दोन्ही सापडतात, कधी एकच. ‘ॲ’चंही तेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीचे लेख अ ला चंद्र जोडून लिहिलेले आहेत. एक पद्धत ठरवावी आणि तीच पाळावी. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर ‘ऱ’ शिफ्ट धरून र च्याच कळीवर मिळतो. इन्स्क्रिप्ट शिकायला मला पंधरा दिवस लागले. रोमनमधून मराठी उमटवण्यापेक्षा ते फार बरं, कारण हात मराठीतच विचार करतो. ज्यांना टंकायचंच नाही त्यांनी फोनवर बोलून लिहावं. गूगलने २०१७ मध्ये मराठीला ती सोय दिली. विरामचिन्हं मागून हाताने घालावी लागतात.

दुसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची. मराठी शीर्षक दिलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा टाकतो. वर्डप्रेस मराठी अक्षरं ठेवतो, पण तो दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांब माळ होते. देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक काना-मात्रासुद्धा, तिथे नऊ चिन्हांचं होतं. नुसत्या ‘सोलापूर’ शब्दाची त्रेसष्ट. असा दुवा पाहून लोक फसवणूक समजतात आणि उघडत नाहीत. म्हणून लेख प्रसिद्ध करण्याआधीच परमलिंकच्या, म्हणजे पानाच्या कायमच्या पत्त्याच्या, रकान्यात रोमन लिपीत तीन-चार शब्दांचा पत्ता स्वतः लिहावा.

आणि शिक्षक म्हणून तुम्हाला आवडेल असं एक: पानाच्या कोडमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली, तर नोटोसारखे काही फॉन्ट आपोआप मराठी वळणाचा ल आणि श दाखवतात. न नोंदवल्यास हिंदी वळणाचे येतात.

फोटोंबद्दल एवढंच, की फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नये. स्क्वूश नावाच्या पानावर तो ब्राउझरमध्येच, कुठेही न पाठवता, दीड-दोनशे केबीचा करता येतो. मग खेड्यातला वाचकही पान उघडेपर्यंत थांबतो. शब्दांसाठी मराठी विश्वकोश आणि १८५७ चा मोल्सवर्थचा कोश, दोन्ही जालावर आहेत. पंचवीसची यादी आता नऊवर आली आहे, आणि मला ती पुरेशी वाटते.

तर सर, माझी विनंती. मार्शल लॉवरचा तो लेख युनिकोडमध्ये आणू या. डीटीपीवाल्याकडे मूळ फाइल असेल तर ती मागून ठेवा, पीडीएफ नको, आणि फॉन्टचं नेमकं नाव विचारून ठेवा. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकात तेच नाव निवडावं लागतं, नाहीतर अक्षरं भलतीच येतात. नाव बरोबर असूनही पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकतात, कारण जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराआधी टंकायची आणि रफार नंतर; युनिकोडमध्ये बरोबर उलट. तिथे यंत्राचा उपयोग संपतो, शुद्धलेखन जाणणारा माणूसच लागतो. फाइल हरवली असेल तर पानांचे सरळ, स्पष्ट स्कॅन काढू. दोन एमबीच्या आतली प्रत गूगल ड्राइव्हवर ठेवून डॉक्समध्ये उघडली की चित्रातला मजकूर अक्षरांत येतो. जोडाक्षरं तपासावी लागतील.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन जुळे सोलापूरला तुमच्या घरी येऊ शकते. टंकून मी काढीन, वाचून तुम्ही तपासा. लेख तुमच्याच नावाने, तुमच्याच ब्लॉगवर राहील, आणि पहिली प्रत तुमच्या पेन ड्राइव्हवर. सुरुवात शेवटच्या पानापासून करू, आजींच्या आठवणीपासून.