स्पेसबार परत दाबा, आंटी

"कुणाकडे फरशी फोडायचं काम चाललंय का? असेल तर प्लीज म्यूट करा."

परवाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये हे वाक्य पडलं आणि पडद्यावरचे सगळे चौकोन हसले. फरशी कुणीही फोडत नव्हतं. मी मीटिंगचं इतिवृत्त टाइप करत होते, आणि तेही ज्यांना फरशी ऐकू आली त्यांच्याच आज्ञेवरून. मुकाट्यानं म्यूट केलं. इतिवृत्तात हा विषय नोंदवला नाही, एवढाच काय तो सूड उगवता आला.

माझा कीबोर्ड मेकॅनिकल आहे. ज्यांच्या वाट्याला हे सुख आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: यात प्रत्येक कळीखाली एक स्वतंत्र स्विच असतो. प्लॅस्टिकचं दोन तुकड्यांचं घर, आत वरखाली होणारा स्टेम, त्याच्याखाली स्प्रिंग आणि कडेला पत्र्याचं इवलंसं पातं, ज्याचा स्पर्श जुळला की अक्षर उमटतं. लाल म्हणून जे स्विच मिळतात त्यांचा स्टेम साधारण 4 मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर उमटतं निम्म्यातच, 2 मिलिमीटरवर. उरलेले 2 मिलिमीटर बोटांच्या समाधानासाठी. मीटिंगमधल्या मंडळींना जे ऐकू जातं ते या समाधानाच्या तळाशी.

तर ठरवलं, स्विचना वंगण घालायचं. पटकन. 'पटकन'वर माझा भर होता, कारण सोमवारी पुन्हा मीटिंग होती.

घरात यातलं कळणारी व्यक्ती एकच, माझा भाचा. आपल्याला दाढी येते आहे असं त्याला वाटण्याचं त्याचं वय. त्याला बोलावलं, तर त्यानं आल्या आल्या विचारलं, "मावशी, तुला पटकन करायचंय की नीट करायचंय?"

"दोन्ही."

तो माझ्याकडे ज्या मायेनं बघून हसला, तशी माया मी त्याच्याकडे तो पाटीवर 'ळ' काढायचा तेव्हा दाखवली होती.

पटकनचा माझा पहिला मार्ग कपाटातच होता. दारांच्या बिजागऱ्यांवर मारायचा तो निळ्या-पिवळ्या डब्यातला फवारा. कीकॅप, म्हणजे कळींवरच्या टोप्या, काढायच्या, फुस्स करायचं, कीकॅप बसवायच्या, वामकुक्षीला मोकळं. भाच्यानं डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि कपाटाच्या वर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवला. मग व्याख्यान. डब्ल्यूडी-40 हे मुळात पाणी हटवण्यासाठी 1953 साली तयार झालं, क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. नावातला डब्ल्यू पाण्याचा, 40 म्हणजे चाळिसाव्या खेपेला जमलेलं मिश्रण. त्यातला पातळ भाग उडून जातो, मागे उरतो तो थर धूळ धरून ठेवतो, आणि कळ काही दिवसांनी पहिल्यापेक्षा जास्त खरखरते. हे सगळं मला पटलं. पण चाळीस खेपा करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला त्या क्षणी जी आपुलकी वाटली, ती भाच्याबद्दल वाटली नाही.

दुसरा मार्ग: स्विच न उघडता वरूनच काम भागवणं. कीकॅप काढायची, स्टेम बोटानं खाली दाबून धरायचा आणि बाजूच्या फटीतून बारीक ब्रशनं किंवा सुईनं थेंबभर वंगण आत सोडायचं. हे होतं. खरंच होतं. फक्त वंगण जिथपर्यंत पोचतं तिथपर्यंतच गुळगुळीत होतं. ब्रश घर्षणाच्या जागेवर चालतो आहे की नुसताच हवेत, हे वरून कळत नाही, आणि स्प्रिंगचं बूड तर कोरडंच राहतं. पातळ तेल जास्त झालं तर ते ओघळून पात्यापर्यंत जातं आणि कळ एकदा दाबली की दोनदा उमटते, नाहीतर उमटतच नाही. ज्यांचे स्विच बोर्डाला सोल्डरचा डाग देऊन पक्के केलेले आहेत त्यांना तो डाग सोडवल्याशिवाय दुसरा इलाजही नसतो. माझा कीबोर्ड हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच चिमट्यानं उपटून काढता येणारा. "तुझ्याकडे सबब नाहीये, मावशी," भाचा म्हणाला.

मग हिशोब मांडला. नंबरपॅड नसलेल्या कीबोर्डला 87 कळी. एक स्विच उपटायचा, चार बाजूंच्या खुट्या सोडवून उघडायचा, खालच्या घराच्या आतल्या खाचांवर पातळ हात फिरवायचा, स्टेमच्या कडांवर, स्प्रिंगच्या दोन्ही टोकांवर, आणि परत मिटायचा. सराईत माणसाला धरा दोन मिनिटं. म्हणजे 174 मिनिटं, जवळजवळ तीन तास. त्यात खुटी सुटताना उडालेल्या स्प्रिंगा शोधणं धरलेलं नाही. चष्मा शोधणंही नाही.

इथे भाच्याला काय सुचलं कोण जाणे. म्हणाला, "सगळे कशाला करतेस? आधी तुझ्या कीबोर्डला नेमकं काय झालंय ते बघू. माझा एक मित्र आहे. तो ऐकून सांगतो."

"ऐकून?"

"त्याचा कान भारी आहे."

फोन लागला. मित्राचा कॅमेरा बंद. उंटावरचा शहाणा निदान दिसतो तरी. इथे काळ्या पडद्यावर नुसतं एक अक्षर, आणि त्यातून नुकताच फुटलेला आवाज.

"नमस्ते आंटी. स्पेसबार दाबा."

मी दाबला.

"परत दाबा, आंटी."

परत दाबला.

"आता डावीकडच्या टोकाला दाबा. हं. आता उजवीकडच्या. हं. आता मधोमध, पण हळू. आंटी, तुम्ही रागानं दाबताय."

"मी नेहमी अशीच दाबते."

"तेच."

भाच्यानं फोन, डॉक्टर छातीला नळी लावतात तसा, स्पेसबारला टेकवून धरला होता. पलीकडे शांतता. मग प्रश्न सुरू झाले. टेबल लाकडी की काचेचं? खाली मॅट आहे का? नाही? मग घडी घालून टॉवेल ठेवा. खोलीला पडदे आहेत का? आहेत, मी म्हटलं, पण पडदे माझ्या मीटिंगला येत नाहीत. त्यावर तो हसला नाही. अशा मुलांना विनोद चालत नाहीत, त्यांचं काम जोखमीचं असतं.

"कीबोर्डच्या पोटात फोम भरलाय का?"

"मला कसं कळणार? मी त्याचं पोट उघडलेलं नाही."

"नसणार. पोकळ येतोय आवाज. क्लॅकी आहे. थॉकी पाहिजे." भाच्यानं मान डोलावली. या जगात आवाजांना जाती आहेत, हे मला तेव्हा समजलं. खर्जातला थॉक वरच्या जातीचा, कडकडीत क्लॅक खालच्या, आणि क्रीमी नावाचं एक प्रकरण आहे ज्याबद्दल दोघंही आवाज खाली आणून बोलत होते.

"आता एंटर दाबा, आंटी. आता बॅकस्पेस. आता दोन्ही शिफ्ट. नाही, एकत्र नाही."

मी, ऑफिसात ज्या बाईच्या सहीशिवाय फायली हलत नाहीत ती मी, एका अदृश्य पोराच्या हुकमावर एकेक शिफ्ट दाबत टॉवेलवर झुकले होते. शेवटी तो म्हणाला, "आता बघा, किती स्मूथ झालाय आवाज. ल्यूब मस्त बसलंय."

ल्यूबची, म्हणजे वंगणाची, बाटली अजून उघडलेलीही नव्हती.

भाच्यानं फोन डोळ्यांजवळ नेला आणि त्याचा चेहरा पडला. कॉलवर आवाज गाळायची सोय पहिल्यापासून चालू होती. माणसाचं बोलणं तेवढं पुढे जाऊ द्यायचं आणि पंखा, कुकर, कीबोर्ड असले सगळे आवाज पुसून टाकायचे, हेच तिचं काम. म्हणजे त्या भारी कानाला एवढ्या वेळात माझ्या कीबोर्डचा एक ठोकाही गेला नव्हता. पोकळपणाचं निदान, रागाचं निदान, सगळं निर्वात पोकळीतून.

"तरी पण आंटी," तो यत्किंचितही न ओशाळता म्हणाला, "स्पेसबार डावीकडे खडखडत असणारच. सगळ्यांचाच खडखडतो."

मी दाबून पाहिला. डावीकडे खडखडत होता.

याचा मला जेवढा राग आला तेवढा फरशीचाही आला नव्हता. आणि फरशीवरून आठवलं: ही आवाज गाळायची सोय बहुतेक मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही असते. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू आहे का, ते बघा असं मला कुणी सांगू शकलं असतं. पण चारचौघांत कुणाची तरी फरशी काढणं हे सेटिंगमध्ये जाण्यापेक्षा सोपं पडतं.

असो. त्या पोराच्या निदानातून एक खरोखरचा पटकन मार्ग निघाला, तो प्रामाणिकपणे सांगते. स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि दोन शिफ्ट या लांब कळी एकाच स्विचवर तोलल्या जात नाहीत, म्हणून त्यांच्या दोन्ही टोकांना आधार असतो आणि ते आधार एका वाकवलेल्या तारेनं जोडलेले असतात. त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. तार कोरडी असली की प्लॅस्टिकच्या खोबणीत थडथडते. कीबोर्डचा निम्मा बदलौकिक या पाच कळींमुळे होतो. तारेच्या टोकांना जाडसर डायलेक्ट्रिक, म्हणजे वीज वाहू न देणारं, ग्रीस चोपडलं, आधाराच्या आतून थोडं लावलं, की अर्ध्या तासात फरक कुणालाही कळतो. कान भारी असायची गरज नाही. ज्यांना खरंच घाई आहे त्यांनी एवढंच करावं आणि भाच्याला बोलावू नये.

दुसरी खरी युक्ती स्प्रिंगांची. सगळ्या स्प्रिंगा झिपच्या पिशवीत टाकायच्या, त्यात पातळ तेलाचे मोजके थेंब, पिशवीत हवा भरून तोंड बंद करायचं आणि खुळखुळवायचं. पाच मिनिटांचं काम, आणि कळ सोडल्यावर येणारा तो 'टिंग' जातो. फक्त खुळखुळवण्याचा उत्साह आवरावा, कारण स्प्रिंगा एकमेकींत अडकतात. अर्थात पिशवीत टाकायला स्प्रिंगा आधी बाहेर काढाव्या लागतात, म्हणजे 87 घरं उघडावीच लागतात. पटकन मार्ग म्हणून जे जे सांगितलं जातं, त्यात हे आधीचं वाक्य गाळलेलं असतं.

शेवटी उघडली. वर्तमानपत्र अंथरलं. ग्रीसची बाटली करंगळीएवढी, आत पांढरट, फेटलेल्या दह्यासारखं दाट असं काहीतरी. क्रायटॉक्स 205, ग्रेड 0. फ्लोरिनवालं तेल, टेफ्लॉनच्या भुकटीनं घट्ट केलेलं. पेटत नाही, ऑक्सिजनशी लढत नाही. विमानं आणि ऑक्सिजनची उपकरणं यांच्यासाठी वापरतात म्हणे. आणि मी ते 'क्यू'ला लावत होते, जे अक्षर मी वर्षातून चार वेळा वापरत असेन. ब्रशवर घेतलेलं आधी बाटलीच्या काठाला पुसायचं, आणि उरलेल्या चकाकीनं काम करायचं. जास्त झालं की कळ चिखलात पाय रुतल्यागत सावकाश वर येते. पात्याला शक्यतो लावायचं नाही. भाचा खांद्यावरून बघत होता आणि दर स्विचला एकच शब्द काढत होता: "जास्त." कधी कधी बदल म्हणून "कमी."

बसवताना स्विचचे दोन पाय सॉकेटच्या भोकांत सरळ गेले तर गेले. एक जरी तिरका झाला तर तो आतल्या आत दुमडून चपटा होतो, वरून सगळं ठीकठाक दिसतं, आणि 'र' उमटत नाही. 'र' शिवाय मराठीत किती वाक्यं लिहिता येतात याचा मी त्या रात्री अंदाज घेतला. फार नाहीत.

सगळं झाल्यावर मी कीबोर्ड टॉवेलवरून टेबलावर आणला आणि एक परिच्छेद सपाट्यानं टाइप केला. लोण्यासारखं नाही म्हणणार, पण खरखर गेली होती, 'टिंग' गेला होता, स्पेसबारनं तोंड मिटलं होतं. आवाज मात्र येत होता. जरा खालच्या पट्टीत, जरा भारदस्त, पण चांगला ठणठणीत.

"कमी कुठे झाला?" मी विचारलं.

भाचा गोंधळला. "कमी? मावशी, ल्यूबनं आवाज फारसा कमी नसतो होत. चांगला होतो. कमी करायचा असेल तर सायलेंट स्विच घ्यायचे, त्यात आत रबराच्या गाद्या असतात."

"हे तू दुपारी का नाही सांगितलंस?"

"तू पटकन कसं करायचं ते विचारलंस. कशासाठी ते कुठे विचारलंस?"

यावर हसावं असं मलाही वाटतं, पण थोडं बोलून घेते. या स्विचच्या खोक्यावर 10 कोटी वेळा दाबता येईल असं छापलेलं असतं. एकच कळ रोज 10,000 वेळा दाबली तरी 27 वर्षं झाली. एवढं टिकाऊ बनवता येतं, मग त्यात थेंबभर वंगण घालून विकायला काय धाड भरते? या घडणीचं मूळ पेटंट 2014 च्या सुमारास संपल्यावर कितीतरी कारखाने या धंद्यात उतरले, आणि त्यातले बरेच आता वंगण घालूनच स्विच देतात. म्हणजे जमतं. माझ्या स्विचनी कुणाचं घोडं मारलं होतं? अर्धवट माल विकायचा, उरलेलं काम गिऱ्हाइकाकडून करून घ्यायचं, त्यासाठी ब्रश, चिमटा, स्विच उघडायचं यंत्र आणि करंगळीएवढी बाटली वेगळी विकायची, आणि वर या सगळ्याला छंद म्हणायचं. फॅक्टरीतलं वंगण मिळतं हे भाच्याला सांगितलं तर त्यानं नाक मुरडलं. "मशीन सगळीकडे एकसारखं नाही लावत." मी वर्तमानपत्रावरच्या माझ्या हस्तकलेकडे पाहिलं आणि गप्प बसले.

काल तो पुन्हा आला होता. आता म्हणे सगळे मॅग्नेटिक स्विचवर चाललेत. आत लोहचुंबक, पात्याला पातं टेकतच नाही, कळ किती दाबली की अक्षर उमटावं ते आपण ठरवायचं.

"मग त्यात वंगणाची भानगड नसेल."

"असं कसं? स्टेम घासतोच की. स्प्रिंग आहेच." तो जरा घुटमळला. "मावशी, ती बाटली संपली नसेल ना?"

संपली नव्हती. ती संपत नाही, तीन पिढ्यांना पुरते.

"संपली," मी म्हटलं.