पेटी ठेकेदाराने न मिळालेल्या पैशावर कर का भरावा?

कोपरखैरणे येथे मी बांधकामातील पेटी ठेकेदारांचे, म्हणजे मुख्य कंत्राटदाराकडून काम घेणाऱ्या लहान ठेकेदारांचे हिशेब लिहितो. प्लास्टर, सेंट्रिंग, फरशी अशी कामे अंगावर घेणाऱ्या या लोकांची वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की त्यांना जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. पुष्कळ मुख्य कंत्राटदार तर त्याआधीच ‘नंबर काढा, मग काम देतो’ असे बजावतात. नोंदणीला माझा विरोध नाही. माझा आक्षेप कर भरण्याच्या वेळेला आहे.

गेल्या वर्षी उरणच्या बाजूला काम करणाऱ्या एका प्लास्टर ठेकेदाराने मजुरीचे ४ लाखांचे बिल लावले. त्यावरचा १८ टक्क्यांचा, म्हणजे ७२ हजारांचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरणे भाग होते. बिलाचे पैसे मात्र चार महिन्यांनी हातात आले. मजुरांची आठवड्याची खर्ची काही थांबत नाही, म्हणून त्याने पतपेढीचे कर्ज काढून कर भरला. याहून बोचणारी गोष्ट अशी की, त्याने विवरणपत्र भरल्यावर मुख्य कंत्राटदाराने बिलाचा एक रुपयाही न देता त्या ७२ हजारांचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून तेवढी वजावट घेतली, आणि कायद्याने ती घेता येते. १८० दिवसांत बिल चुकते झाले नाही, तरच ते क्रेडिट परत करावे लागते.

माझा भाचा इंग्लंडमधील पोर्ट्समथ या नौदलाच्या शहरात बांधकामावर आहे. तेथे उपठेकेदाराची नोंदणी असेल तर मजुरीतून २० टक्के आणि नसेल तर ३० टक्के कर मुख्य कंत्राटदार कापून घेतो. आपल्याकडे वैयक्तिक ठेकेदाराचा टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापला जाणारा आयकर, १ टक्का असतो, त्या मानाने ही कपात फारच जड आहे आणि ती येथे यावी असे मी म्हणणार नाही. परंतु १ मार्च २०२१ पासून तेथे अशा बहुतेक कामांवरचा व्हॅट, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा कर, मुख्य कंत्राटदारच थेट सरकारकडे दाखवतो, त्यामुळे उपठेकेदाराला तो पदरचा भरावा लागत नाही.

वकिलांची फी आणि काही सुरक्षा सेवा यांवर आपल्या जीएसटीतही सेवा घेणारा कर भरतो. सिमेंट-वाळूसकट घेतलेल्या कामांत ठेकेदाराने सामानावर भरलेल्या कराचे क्रेडिट अडकेल, ही अडचण मला मान्य आहे; म्हणून निदान निव्वळ मजुरीच्या बिलांना तरी हीच पद्धत लावावी.

त्या ठेकेदाराचे पुढचे बिल तयार आहे. त्यावर तारीख कोणत्या महिन्याची घालू, असे तो काल मला विचारत होता.