गाडीनं धरलेलं काजळ

निपाणीचं लग्न आटोपून परतताना वंटमुरी घाटात उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं. दोन ट्रॉल्या, लोंबणारा ऊस, वर गाणी ठणाणा. पुढं जाताना ड्रायव्हरनं हात वर केला. तो रामराम होता की सांत्वन, कळलं नाही. माझा पाय ॲक्सिलरेटरवर पार तळाला टेकलेला आणि मागं आरशात काळाकुट्ट ढग. बायको एवढंच म्हणाली, "अहो, उतरून चालू का मी?"

गाडी २००९ सालची, डिझेल, केए-२२. मोठ्या काचेच्या एका सर्व्हिस सेंटरात नेली. त्यांनी कॉम्प्युटर जोडला आणि ईजीआर व्हॉल्व्ह (धूर परत इंजिनात सोडणारी झडप) जाम झालाय, नवा घाला, १८ हजार, असं सांगितलं. शेजारचे काका म्हणाले, "पत्र्याची चकती काप, भोक बंद करून टाक. मी केलंय की." ते नियमात बसत नाही हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. शिवाय तो धूर शेवटी आमच्याच गल्लीत.

प्रकार असा, की इंजिनाच्या पोटात उष्णता साधारण १५०० अंशांच्या पुढं गेली की हवेतला एरवी गरीब असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी संधान बांधतो आणि विषारी वायू तयार होतात. म्हणून सायलेन्सरकडं निघालेल्या धुरातला थोडा परत वळवून इंजिनालाच पाजायचा. जळण थोडं थंडावतं. चढावर, पूर्ण जोर लागतो तेव्हा, हा व्हॉल्व्ह मिटायला हवा. माझा उघडाच अडकला होता. अडकलेल्या गोष्टींची आम्हा बेळगावकरांना १९५६ पासून सवय आहे, तेव्हा मी मनाला लावून घेतलं नाही. १८ हजार वाचवायचे, रविवारी घरीच साफ करायचं, ठरलं.

व्हॉल्व्ह इंजिनाच्या मागच्या बाजूला. दोन बोल्ट दिसतात, तिसरा दिसत नाही. तो आंधळ्या कोशिंबिरीसारखा चाचपडून शोधायचा. पाऊण तासानं सापडला, सुटला आणि हातातून निसटून खाली कुठंतरी गेला. जमिनीवर पडल्याचा आवाज आलाच नाही. पण व्हॉल्व्ह हातात आला. आत बोटभर जाड, काळा, चिकट लगदा. कार्ब्युरेटर क्लीनरचा अख्खा डबा मारला, स्वयंपाकघरातला चमचा वापरला, मग एक टूथब्रश. (ब्रश कुणाचा, हे आजही घरात उघड झालेलं नाही.)

आई ओट्यावर बसून बघत होती. लगदा चिमटीत घेऊन तिनं चोळून पाहिला. "अरे, हे काजळ आहे की!"

मी हसलो, पण तिचं खरं होतं. दिव्यावर धरलेली काजळी नुसती असली तर फुंकरीनं उडते. तिच्यात एरंडेल कालवलं की काजळ, मग ते हलत नाही. इथंही तेच. धुराची काजळी कोरडी येते, इंजिनाच्या श्वासनळीतून ऑईलची वाफ येते, दोघांची गाठ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणाऱ्या नळ्यांत, पडते. वर माझं रोजचं जाणं टिळकवाडी ते खडेबाजार, त्यात दुसऱ्या रेल्वे गेटात इंजिन चालू ठेवून पॅसेंजर रेल्वे जायची वाट बघणं. इंजिन तापतच नाही, व्हॉल्व्ह मात्र बहुतेक वेळ उघडा. बारा वर्षं मी गेटात बसून काजळ धरत होतो.

सोमवारी उद्यमबागेतला मेस्त्री आला. हा माणूस माझ्याशी मराठीत, पोऱ्याशी कन्नडमध्ये आणि अडलेल्या बोल्टशी हिंदीत बोलतो. "हत्त नंबर पाना कोडो!" मग वाकून, "निकल रे भाई, निकल." निकला. त्यानं मॅनिफोल्ड उतरवलं. अंगठा जावा त्या भोकात करंगळी जाईना. ते डिझेलमध्ये भिजत घातलं, खरवडलं, नवी गॅस्केट घातली. व्हॉल्व्हची व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून त्यानं उसाचा रस ओढावा तसा श्वास ओढला. आत 'टक' वाजलं. पुन्हा ओढला, पुन्हा टक. माझा हरवलेला बोल्ट इंजिनाखालच्या गार्डवर निवांत पडलेला सापडला.

"गाडीचा काय दोष न्हाई वो, सर," मजुरी मोजत मेस्त्री म्हणाला. "तुम्ही पळवतच न्हाई की तिला."

चावी फिरवली. धूर नाही, थरथर नाही. तेवढ्यात आई बोटावर तोच लगदा घेऊन आली आणि पांढऱ्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात ठसठशीत तीट लावून गेली.

घाट आता तिसऱ्या गिअरवर चढतो. तीट मात्र रॉकेल, पेट्रोल आणि उरलेल्या क्लीनरनंही निघालेली नाही. परवा गेटात मागच्या रिक्षावाल्यानं खिडकीशी येऊन विचारलं, "सर, कुठं ठोकलासा?"