व्हिडिओ टाकायला सांगितलाय, पुसायचा हक्क कशाला हवा?

आज चौथ्यांदा तेच! शेड्यूलिंग टूलला आमचं यूट्यूब चॅनल जोडायचं होतं. काम ते केवढं? मी व्हिडिओ देणार, वेळ सांगणार, त्याने त्या वेळेला तो चॅनलवर टाकायचा. बस्स. आणि त्यासाठी परवानगी काय मागितली? तुमचे व्हिडिओ, कमेंट, कॅप्शन पाहणे, बदलणे आणि कायमचे डिलीट करणे. कायमचे! अरे, तुला पुसायला सांगितलंय कुणी?

चार वर्षांची मेहनत आहे त्या चॅनलवर. एकेका व्हिडिओच्या एडिटिंगमध्ये रात्री घातल्यात आम्ही. ते सगळं उडवायचा अधिकार एका क्लिकवर कुणाच्या तरी हातात द्यायचा?

आणि ‘त्याशिवाय टूल चालतच नाही’ असलं काही सांगू नका मला. यूट्यूबच्या एपीआयमध्ये, म्हणजे बाहेरची टूल्स यूट्यूबला ज्यातून जोडतात त्या सोयीत, नुसत्या अपलोडची परवानगी वेगळी मागता येते. कमेंटना उत्तरं द्यायची सोय टूलमध्ये असेल तर जास्त अधिकार लागतात, मान्य. पण मला ती सोय नकोच आहे ना! ज्याला हवी त्याच्याकडे मागा, हवी असेल तेव्हा मागा. गूगलसुद्धा डेव्हलपर्सना हेच सांगतं, की गरज पडेल तेव्हा आणि गरजेपुरतीच परवानगी घ्या. पण ऐकतो कोण? मागायचंय ना, मग सरसकट सगळंच मागून ठेवा!

मागच्या आठवड्यात मी परवानगीच्या पानावरची डिलीटवाली चौकट रिकामी सोडली. बाकीच्यांवर टिक केलं. टूलने हिरवी खूण दाखवली, ‘चॅनल जोडलं गेलं’. मी निर्धास्त. रात्री नऊला व्हिडिओ जायचा होता, सव्वानऊला बघते तर चॅनलवर काहीच नाही. टूलमध्ये एक लाल पट्टी: ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. काय चुकलं? कुठे चुकलं? एक अक्षर नाही! कॅशे साफ केली, ब्राउझर बदलला, चॅनल काढून पुन्हा जोडलं. पाऊण तास गेला. शेवटी सपोर्टकडून उत्तर आलं, सगळ्या चौकटींवर टिक करा. मग चौकटी ठेवल्याच कशाला? आणि परवानगी अपुरी होती तर ती हिरवी खूण कुठल्या तोंडाने दाखवली? जोडतानाच सांगितलं असतं तर व्हिडिओ वेळेवर गेला असता.

पुढची तऱ्हा ऐका. आमचं दुसरं एक चॅनल माझ्या नावावर नाही, मी तिथे फक्त मॅनेजर. टूलच्या यादीत ते दिसेचना. विचारलं तर म्हणे, मालकाच्याच लॉगिनने जोडा. म्हणजे मी त्यांना फोन करून पासवर्ड मागायचा, मग मोबाइलवर आलेला कोड मागायचा, आणि तो चालेनासा व्हायच्या आत टाकायचा. मुळात पासवर्ड दुसऱ्याला द्यावा लागू नये म्हणूनच तर ही परवानगीची पद्धत आली. २०१२ मध्ये या पद्धतीचं ओऑथ २.० हे मानक ठरलं तेही ‘मर्यादित’ परवानगीसाठीच. आणि आम्ही बसलोय फोनवर पासवर्डचं स्पेलिंग सांगत!

आज या रागातच गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये शिरले, कुणाकुणाला काय काय देऊन बसलेय ते बघायला. आणखी दोन टूल्स निघाली. एक तर मी दीड वर्षापूर्वी सोडलंय. खातं बंद केलं, पैसे भरणं थांबवलं, तरी चॅनलवरचा अधिकार जसाच्या तसा! टूल वापरणं सोडलं की परवानगीही सुटते, असं समजून बसले होते मी. तसं नसतं, इथे येऊन स्वतःच्या हाताने काढावी लागते. खातं बंद करताना त्यांनी एका ओळीने सांगायला काय हरकत होती?

दोन्ही काढून टाकली. मग या नव्या टूलच्या त्याच पानावर परत आले आणि सगळ्या चौकटींवर टिक केलं, डिलीटवालीवरसुद्धा. उद्या सकाळी सातला व्हिडिओ जायचाय.