‘स्टीलचं भांडं काय वाईट होतं?’ : एका सिस्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सिस्टर, नमस्कार.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी एकदाच वापरून टाकायचा बेडपॅन कसा असावा, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी इथे उतरवतो : “आमच्या वॉर्डात स्टीलचे पॅन वर्षानुवर्षं चालले. गरम पाणी, सोडा, हायपो आणि ऊन. त्यानं कोणी पेशंट दगावला नाही. तुम्हा डिझायनर लोकांना धुवायची किळस येते, म्हणून फेकायच्या वस्तू काढता. पैसे कोण भरणार आणि कचरा कोण उचलणार?”

किळसेपासून सुरुवात करू. हो, येते. मला येते, घरातल्या सुनेला येते, रात्रपाळीच्या मावशींनाही येते. त्या फक्त बोलून दाखवत नाहीत. ज्यांना किळस येत नाही अशांनाच वापरता येईल अशी वस्तू बनवायची तर गिऱ्हाईक फार थोडं मिळेल. आणि पडून असलेला माणूस सगळं बघत असतो. भांडं उचलणाऱ्यानं मान कुठे फिरवली, श्वास कधी रोखला, हे त्याला दिसतं. मग तो संध्याकाळचा चहा नको म्हणतो. पाणी घोटभर पितो. रात्री ‘भूक नाही’ म्हणून ताट परत पाठवतो. चार दिवसांनी एनिमा द्यायची वेळ येते किंवा लघवीला जळजळ सुरू होते, आणि ते का झालं हे डॉक्टरांच्या कागदावर कधी येत नाही. हे तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलंय.

आता तुमचं स्टील. वस्तू म्हणून त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते पेशंटखालून काढल्यापासून पुन्हा कोरडं होईपर्यंतच्या त्याच्या प्रवासाशी. भरलेला पॅन उचलायचा, बहुतेक वेळा झाकणाशिवाय, दोन खाटांमधून न्यायचा, ओतायचा, नळाची धार सोडायची. धार भांड्यावर आपटली की शिंतोडे उडतात : हातावर, साडीवर, नळाच्या चावीवर, भिंतीवर. हायपोचं, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशक द्रावणाचं म्हणाल, तर ते मळावर चालत नाही. मळातच क्लोरीन खर्ची पडतं. म्हणजे आधी खरवडून धुतलं पाहिजे आणि मग भिजत ठेवलं पाहिजे. तुमच्या वॉर्डात ते होत असेल, तुमच्या लिहिण्यातला करारीपणा पाहता होतच असेल. पण रात्री तीन वाजता, एक मावशी आणि तीस खाटा असताना, भिजवण्याचा वेळ कोण मोजतं?

‘कोणी दगावलं नाही’ या वाक्यावर मात्र मी अडतो. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना पाचव्या दिवशी जुलाब लागले, तर आपण जेवणाला नाव ठेवतो, अँटिबायोटिकला ठेवतो. पॅनचं नाव कोणी घेत नाही, कारण तोवर तो धुऊन, चकचकीत होऊन रॅकवर बसलेला असतो. असे जुलाब लावणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे बीजाणू अल्कोहोलच्या हातचोळणीला दाद देत नाहीत. मोठ्या रुग्णालयांत बेडपॅन धुण्याची यंत्रं असतात. त्यांत पॅन ८० अंश सेल्सिअसला किमान एक मिनिट तापवावा असा नियम आहे, आणि त्या उष्णतेतही हे बीजाणू टिकतात. आतड्यातले बाकीचे बहुतेक जंतू त्या मिनिटभरात मरतात, म्हणून जिथे असं यंत्र आहे, चालू आहे आणि त्याची दुरुस्ती वेळेवर होते, तिथे स्टील किंवा जाड प्लास्टिकचाच पॅन ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ लेखातही मी घरातल्या रुग्णाबद्दल आणि यंत्र नसलेल्या वॉर्डाबद्दलच बोलत होतो. उन्हाबद्दल एवढंच, की चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या घरात बेडपॅन उन्हात ठेवायला लोकांच्या नजरेआडची जागा नसते. तो न्हाणीघरात ओलाच पडून राहतो.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलेला नाही. घरात आज स्टीलच्या पॅनची जागा कोणी घेतली? डायपरनं. ज्यांना लागल्याचं कळतं, जे हाक मारून सांगू शकतात, ज्यांचा ताबा शाबूत आहे, अशा माणसांनाही आपण सर्रास डायपर लावतो. खुब्याचं हाड मोडून पडलेली आजी पहिल्या दिवशी ‘मला जायचंय’ म्हणते. तिला उत्तर मिळतं, ‘डायपर आहे ना, त्यातच करा.’ तिला ते जमत नाही. आयुष्यभराची शिस्त एका दुपारी कशी मोडेल? मग जमायला लागतं. महिन्याभरानं हाड जुळून येत असतं, पण सांगण्याची सवय गेलेली असते. शिवाय मलमूत्रात तासन्‌तास राहिलेली कातडी पांढुरकी, भुसभुशीत होते, लाल पडते, सोलवटते, आणि माकडहाडावर बेडसोअर धरणं सोपं होतं. ज्याचा ताबा खरोखर गेला आहे त्याच्यासाठी डायपर हवाच. बाकीच्यांना तो आपल्या सोयीसाठी असतो, आणि ही सोय आपण करून घेतो कारण भांडं धुवायचं नसतं. म्हणजे एकदाच वापरायच्या पॅनची गाठ डायपरशी आहे. स्टीलचा पॅन त्या शर्यतीतून कधीच बाहेर पडलाय. तुमच्या मनात तो अजून धावतोय इतकंच.

कचऱ्याचं गणितही याच बाजूनं मांडायला हवं. डायपर म्हणजे पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, लगदा आणि पाणी शोषणारी पॉलिमरची पूड, आणि त्या सगळ्यात गुंडाळलेली विष्ठा. ती विष्ठा संडासात जात नाही, कचऱ्याच्या डब्यात जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेलं डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितलं आणि त्यासाठी पाकीट पुरवायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली, ती याचसाठी, की पुडकं उघडणाऱ्या बाईच्या हाताला आत काय आहे ते आधी कळावं. एकदाच वापरायचा पॅन लगद्याचा असतो, त्यातलं असेल ते संडासात ओतता येतं. उरतो तो ओला लगदा, प्लास्टिक नसलेला. तोही गुंडाळून, ठिपका काढूनच द्यायचा, त्यात सूट नाही. तुमच्या ‘कोण उचलणार’ या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर एवढंच आहे : उचलणारीच्या हाती विष्ठा जाऊ नये. हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या गळ्यात बांधलं गेलं ते तुम्हाला सांगायला नको. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी त्याविरुद्ध हयात घालवली. म्हणून ‘धुवायला माणूस आहे की’ हा युक्तिवाद मला कधी निरागस वाटला नाही. तुम्ही तो केलेला नाही, पण प्रतिक्रियेखाली अंगठे उठवणाऱ्या दोघांनी केलाय.

आता वस्तूकडे येतो, कारण इथे तुमची मदत हवी आहे.

लगद्याचे पॅन ही जुनी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्याचे पॅन वापरतात. पॅन प्लास्टिकच्या आधारात बसवतात आणि वापर झाला की आतल्या ऐवजासकट मॅसरेटर नावाच्या यंत्रात टाकतात. ते गार पाण्यात सगळं भरडून ड्रेनेजमध्ये सोडतं. तो पॅन उचलून आपल्या घरात आणला की दोन ठिकाणी फसतो. एक, आपल्याकडे मॅसरेटर नाही, आणि लगद्याचा तुकडा संडासात टाकला तर पाणी धरून ठेवणाऱ्या त्या वाकड्या नळीत अडकणार. दुसरं जास्त महत्त्वाचं : तिकडचा पॅन कागदानं पुसणाऱ्या माणसासाठी आहे. आपण धुतो. पॅनवर असतानाच तांब्यानं पाणी ओततो. एका वेळची लघवी तीन-चारशे मिलिलिटर, मळ दीड-दोनशे ग्रॅम, त्यावर अर्धा-पाऊण लिटर पाणी. उथळ पॅन तिथेच काठोकाठ भरतो, आणि काढताना मॅकिन्टॉश (रबरी चादर), ड्रॉशीट (तिच्यावरची आडवी चादर), गादी सगळं ओलं.

खोल पॅन केला तर? मग कंबर जास्त उचलावी लागते, आणि खुब्याचं हाड मोडलेल्याला नेमकं तेच जमत नाही. त्यांच्यासाठी पाठीकडे पातळ होत जाणारा, चपलेसारखा चपटा पॅन लागतो. खोली आणि चपटेपणा यांचं हे भांडण मी बराच काळ पॅनच्या आकारातच सोडवायला बघत होतो. ते सुटलं पाण्यात. तांब्याऐवजी चोचीची, हातानं दाबायची बाटली घेतली की दीड-दोनशे मिलिलिटरमध्ये नीट धुऊन होतं, कारण धार हवी तिथेच जाते. बाळंतिणींच्या वॉर्डात तुम्ही अशा बाटल्या पाहिल्या असतील. म्हणून माझ्या संचात बाटली हा पॅनचाच भाग आहे. ती वगळून कोणी नुसता पॅन विकायला काढला तर तो आपल्याकडे चालणार नाही, हे मी लिहून देतो.

शोषक पूड घालून सगळं जेल करून टाका, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. सांडणार नाही हे खरं. पण ती पूड साध्या पाण्यात जितकी फुगते त्याच्या मानानं लघवीत फारच कमी फुगते, क्षारांमुळे. म्हणजे भरपूर घालावी लागते. आणि जेल संडासात ओतायचा नसतो, मग विष्ठा पुन्हा कचऱ्यात. फिरून डायपरच झाला की. पूड रद्द केली. त्याऐवजी काठ आत वळवलाय आणि त्याच लगद्याचं झाकण दिलंय. झाकणाचा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी एकोणिसाव्या शतकातच धरला होता, तेव्हा त्याचं श्रेय मी घेत नाही.

फेकायचं ते कमीत कमी असावं म्हणून वजन पेलणारा आधार कायमचा आहे, पॉलिप्रॉपिलीनचा, उकळत्या पाण्यात टिकणारा. तो एकाच रुग्णाचा. आतलं अस्तर तेवढं टाकायचं. ते उसाच्या चिपाडाचं, कारखान्याच्या भाषेत बगॅसचं. बगॅस फुकट मिळतं असा शहरी समज आहे. प्रत्यक्षात साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, त्यामुळे त्याला भाव आहे. त्याचा तंतू आखूड, म्हणून थोडा लांब तंतूचा लगदा मिसळावा लागतो. पाणी झिरपू नये म्हणून कागद गिरण्यांत लगद्यात मिसळतात ते एकेडी नावाचं रसायन पुरेसं आहे. बगॅसच्या काही ताटल्यांना तेल पाझरू नये म्हणून फ्लोरिनची रसायनं लावतात, ती निसर्गात विघटत नाहीत. आपल्याला तेल धरायचं नाही, तेव्हा त्यांचं इथे काम नाही. तिकडचे लगद्याचे पॅन साधारण चार तास पाणी धरतात. मला एवढं नकोच आहे. चार तास पॅनवर राहिलेला माणूस म्हणजे विसरलेला माणूस.

आणि लगदा गार लागत नाही. हिवाळ्यात स्टीलच्या पॅनवर आधी गरम पाणी ओतून, पुसून, मग लावायची तुमची पद्धत मला माहीत आहे. घरी ते कोणी करत नाही.

हे सगळं परदेशी फॅड आहे असंही कोणी म्हणेल. या विषयातली मला सर्वांत आवडणारी रचना ढाक्यात वापरली जाणारी आहे : कॉलऱ्याची खाट. मधोमध भोक पाडलेली, वर प्लास्टिकची चादर, खाली बादली. किती पाणी गेलं ते बादलीत मोजायचं आणि तेवढं परत भरून काढायचं. पेशंटला उचलायचंच नाही. आपल्या गावांतही खाटेला किंवा वेताच्या खुर्चीला भोक पाडून घरोघरी हे झालंय. फॅड म्हणावं असं त्यात काहीच नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. एक अस्तर एका डायपरपेक्षा महाग पडलं तर माझा प्रकल्प संपला, कितीही युक्तिवाद केले तरी. दिवसातून एकदा, मोठ्या विसर्जनापुरतंच अस्तर वापरायचं आणि लघवीला पुरुषांसाठी नेहमीचा युरिन पॉट ठेवायचा, असा हिशेब मी धरलाय. बायकांचा पॉट हा मात्र अजून कोणी धड सोडवलेला नाही, मीही नाही. आणि धुवायचं पाणीही हिशेबात धरा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. तेव्हा त्या शहरातल्या पडून असलेल्या माणसांचे पॅन किती पाण्यात धुतले गेले असतील?

आता माझी विचारणा. चपटा पॅन बाजूला वळवून काढावा की गुडघे मोडून, सरळ पायांकडे ओढून काढावा, यावर मी ज्यांना विचारलं त्या सिस्टरांत दोन तट पडले. वळवून काढला तर आत वळलेला काठ असूनही खालच्या कुशीकडून सांडतं. ओढून काढला तर माकडहाडाची कातडी घासते. तुम्ही कसा काढायचात, आणि एकट्या असताना कसा, ते सविस्तर लिहाल का? काठाची उंची त्यावर ठरणार आहे, आणि साचा टाकायचं काम मी तोवर थांबवलंय.